अकरावी-बारावीला भूगोल घेताय?

मी भूगोल घेतला तो 'स्कोअरिंग आहे' हे ऐकून. मावशीचं मत तर पक्कं होतं, "पाठ केलं की झालं, त्यात काय एवढं!" पहिली सहामाही मी तेच केलं. विदारणाचे (खडक फुटण्या-झिजण्याचे) प्रकार, हवामान प्रदेश, सगळं घडाघडा. प्रात्यक्षिकाच्या सरावात मात्र टोपोशीट (स्थलदर्शक नकाशा) पुढ्यात आली आणि मी ओढ्याला डोंगराची सोंड म्हणून मोकळी झाले.

चूक माझीच, पण थोडी झेरॉक्सचीही. आम्हाला मिळालेली शीट कृष्णधवल होती. मूळ शीटवर समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) तपकिरी असतात, बारमाही पाणी निळं आणि पावसापुरते वाहणारे ओढे काळे. झेरॉक्समध्ये सगळंच काळं. तेव्हा पहिला सल्ला हा की एकदा तरी सर्वे ऑफ इंडियाची रंगीत शीट नीट बघा. पुण्यातल्या मुलांसाठी तर गंमतच आहे. साडेअठरा अंश उत्तर अक्षवृत्त शहराच्या अंगावरूनच जातं आणि शीट तिथेच बदलते. शनिवारवाडा शीट क्रमांक 47 एफ/14 वर, सिंहगड 47 एफ/15 वर.

प्रमाण 1:50,000, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. लागोपाठच्या दोन समोच्च रेषांत उंचीचा 20 मीटरचा फरक. हे मला वहीत येत होतं, पण डोक्यात शिरलं ते एका रविवारी. आम्ही तिघी स्वारगेटहून सिंहगड पायथ्याची बस धरून आतकरवाडीच्या वाटेने चढलो. मैत्रिणीने शीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली होती. दम लागला की थांबायचं आणि आपण कितव्या रेषेवर आहोत ते शोधायचं. एका वळणावर डावीकडे घळ होती. नकाशावर तिथे रेषांची टोकं चढाकडे वळलेली. शेजारच्या सोंडेवर तीच टोकं उताराकडे. एवढंच! टोक वर तर ओढा, टोक खाली तर सोंड. पुन्हा कधी चुकले नाही.

वर पोचेपर्यंत आणखी एक गोष्ट लक्षात आली. काही ठिकाणी रेषा एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे चढ तीव्र, मग जरा सैल, पुन्हा चिकटलेल्या. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. त्यातले टणक थर कड्यासारखे उभे राहिले, ठिसूळ थर झिजून उतार झाला. या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा शब्द जिन्यावरूनच आलाय. पिठलं-भाकरी खाताना हे बोलत होतो तर शेजारचे काका म्हणाले, "एमपीएससी का?" (पुण्यात हातात नकाशा दिसला की हाच प्रश्न येतो. सदाशिव पेठेची कृपा.)

लेखी पेपर 80 गुणांचा आणि प्रात्यक्षिक 20 चं. लेखीत सगळ्यात जास्त गुण गळतात ते 'भौगोलिक कारणे द्या'मध्ये. मुलं व्याख्या लिहून थांबतात. साखळी लिहा. पुण्यात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि महाबळेश्वरला 5,000 च्या वर, असं का? नैर्ऋत्य वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात, बाष्प तिथेच रिकामं होतं. पलीकडे उतरणारी हवा तापते, सापेक्ष आर्द्रता घटते, पाऊस कमी. एकेक पायरी वेगळ्या वाक्यात. नाव फक्त 'पर्जन्यछाया' लिहिलंत तर एखादाच गुण.

नकाशा भरताना सूची (कोणती खूण कशाची ते सांगणारी चौकट) विसरू नका. दरवर्षी वर्गातलं कोणीतरी विसरतंच. लोकसंख्येचे धडे कंटाळवाणे वाटतील, पण बारावीत तिथेच सोपे गुण आहेत. लोकसंख्येचे मनोरे (वयोगटांनुसार स्त्री-पुरुषांचं प्रमाण दाखवणाऱ्या आकृत्या) स्वतः काढून बघा, नुसते वाचू नका.

जर्नल (प्रात्यक्षिकाची वही) वेळच्या वेळी तपासून घ्या. मी शेवटच्या आठवड्यात सात आकृत्या काढल्या, तीनदा पेन्सिल तुटली आणि एका छेदात (चढउताराची बाजूने दिसणारी आकृती) उभं प्रमाण, म्हणजे उंचीचं प्रमाण, लिहायचंच राहिलं. तोंडीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं.