भाडेकरूला एक अट, मालकाला दुसरी: एक्सेलमध्ये असा फिल्टर कसा लावायचा

आमच्या सोसायटीत ८४ फ्लॅट आणि खजिनदार मी, म्हणजे मीटिंगमध्ये दुसऱ्या कोणी हात वर केला नाही म्हणून मी. मेंटेनन्स महिना २५०० रुपये. दर महिन्याला थकबाकीची यादी काढायची असते पण सगळ्यांना एकच माप लावून चालत नाही. मालक स्वतः राहत असेल तर दोन महिन्यांपर्यंत सांभाळून घेतो, लिफ्टमध्ये रोज भेटतातच. फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर मात्र एक रुपया राहिला तरी नाव यादीत हवं, कारण भाडेकरू म्हणतो मालक भरणार, मालक म्हणतो भाडेकरू भरणार आणि यातच सहा महिने निघून जातात.

शीट साधीच आहे. पहिल्या ओळीत हेडिंग, ए कॉलममध्ये फ्लॅट नंबर, बी मध्ये नाव, सी मध्ये कोण राहतं (मालक किंवा भाडेकरू, नॉन-ऑक्युपन्सीचे, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने दिला की लागणारे जादा, १० टक्के लावायचे असतात म्हणून ही नोंद असतेच), डी मध्ये बाकी.

पहिल्यांदा मी नेहमीचाच फिल्टर लावला, कंट्रोल शिफ्ट एल दाबून. सी मध्ये भाडेकरू निवडलं, डी मध्ये शून्यापेक्षा जास्त, झाली अर्धी यादी. आता यातच ५००० च्या वर बाकी असलेले मालक कसे आणायचे? नाही येत. दोन वेगळ्या कॉलमांवरचे फिल्टर ‘आणि’नेच जोडले जातात, ‘किंवा’ने जोडायची सोयच त्यात नाही. मग लोक दोनदा फिल्टर मारून दोन याद्या कॉपी-पेस्ट करतात, मीही तीन महिने तेच केलं.

सोपा उपाय म्हणजे एक जादा कॉलम. ई१ मध्ये हेडिंग द्या, ‘यादीत?’ वगैरे काहीही, आणि ई२ मध्ये हे टाका (इथे देवनागरीत लिहिलंय, शीटमध्ये फंक्शनचं नाव आणि कॉलमची अक्षरं इंग्रजीत टाइप करायची, आकडेही इंग्रजी, अवतरणातला शब्द मात्र सी कॉलममध्ये जसा आहे तसाच):

=इफ(ट्रिम(सी२)="भाडेकरू", डी२>०, डी२>५०००)

म्हणजे सी मध्ये भाडेकरू असेल तर बाकी शून्याच्या वर आहे का बघ, नसेल तर ५००० च्या वर आहे का बघ. उत्तर ट्रू किंवा फॉल्स येतं. सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर डबल क्लिक केलं की फॉर्म्युला ई८५ पर्यंत उतरतो. मग ई वर फिल्टर लावून फक्त ट्रू ठेवा. फिल्टर आधीपासून चालू असेल तर नवीन कॉलमवर बाण दिसत नाही, एकदा बंद करून परत चालू करा.

ट्रिम कशाला? कारण कोणीतरी ‘भाडेकरू’च्या पुढे एक स्पेस मारून ठेवलेली असते, डोळ्यांना दिसत नाही पण एक्सेलसाठी तो वेगळाच शब्द, मग तो फ्लॅट गपचूप मालकाच्या नियमात जातो आणि यादीतून सुटतो. स्पेलिंग चुकलं तरी तेच होतं, तिथे ट्रिम काही करू शकत नाही. म्हणून सी कॉलम सिलेक्ट करून डेटा टॅबमधल्या डेटा व्हॅलिडेशनमध्ये लिस्ट लावा, मालक आणि भाडेकरू एवढेच दोन पर्याय, टाइप करायची भानगडच नको.

यापेक्षा मोठा घोळ माझ्याकडून डी कॉलममध्ये झाला. स्वतःच्याच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, ५० रुपये बाकी असलेल्या एका काकांचं नाव यादीत आलं आणि मी न बघता मेसेज पाठवला, पुढचा आठवडाभर मी जिन्यानेच जात होतो. कारण काय तर रजिस्टरवरून उतरवताना ‘५०/-’ असं टाइप केलेलं. एक्सेलच्या लेखी तो आकडा नाही, मजकूर आहे, आणि तुलना करताना मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच धरला जातो, मग ५००० असो नाहीतर ५ लाख. ओळखायची खूण अशी की खरा आकडा सेलमध्ये उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे (अलाइनमेंट कोणी हाताने बदलली नसेल तर). फाइंड-रिप्लेसने ‘/-’ काढून टाका.

जादा कॉलम नको असेल आणि एक्सेल २०२१ किंवा ३६५ असेल तर दुसऱ्या शीटवर फिल्टर फंक्शन वापरता येतं. आपल्या शीटचं नाव ‘बाकी’ धरलं तर:

=फिल्टर(बाकी!ए२:डी८५, इफ(बाकी!सी२:सी८५="भाडेकरू", बाकी!डी२:डी८५>०, बाकी!डी२:डी८५>५०००), "कोणी नाही")

इफच्या जागी ‘आणि’, ‘किंवा’ची फंक्शन म्हणजे अँड आणि ऑर टाकायला जाऊ नका, ती पूर्ण कॉलमचं मिळून एकच उत्तर देतात. ‘आणि’साठी अटी कंसात घालून गुणायच्या, ‘किंवा’साठी बेरीज. गूगल शीट्समध्येही हेच चालतं, फक्त शेवटचं ‘कोणी नाही’ काढा, तिथे तिसरी जागा पुढच्या अटीची असते. माझं विचाराल तर जादा कॉलमच बरा, पुढच्या खजिनदाराला निदान बघून कळतं तरी.

अजून एक, कोणी पैसे भरले आणि तुम्ही बाकी शून्य केली की ई मध्ये लगेच फॉल्स होतं, पण ओळ यादीतून आपोआप जात नाही. फिल्टर परत लागू करावा लागतो, एक्सेलमध्ये कंट्रोल ऑल्ट एल. ते दाबा आणि मगच ग्रुपवर टाका.