जात्याची घरघर पुसू नका : घरच्या कॅसेटी वाचवायची आणि वाटायची रीत

आमच्या माळ्यावर एक लोखंडी पेटी होती. वडील गिरणीतून सुटले की सुट्टीच्या दिवशी टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) खांद्याला अडकवून निघायचे. कधी सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत, कधी हुलजंतीला, कधी तुळजापूरला, नाहीतर आत्याच्या गावी अक्कलकोटकडे. त्यांनी भरलेल्या 43 कॅसेटी त्या पेटीत होत्या. ते गेल्यावर दोन वर्षांनी मी ती पेटी उतरवली आणि एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला लागलो. आता ती गाणी नात्यागोत्यात, मित्रांत, जुन्या भजनी मंडळींत फिरतायत. हे काम कसं केलं ते सविस्तर लिहितो, कारण सोलापुरात अशा पेट्या घरोघरी आहेत आणि त्यातला आवाज दरवर्षी थोडा थोडा जातोय.

आधी कॅसेटी माळ्यावरून खाली आणा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 43-44 ला टेकतो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. टेपचे वेढे एकावर एक दाबून बसलेले असतात. उष्णतेनं एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो आणि मग गायक तोंड उघडायच्या आधीच त्याचा शब्द पुसटसा ऐकू येतो. तो दोष नंतर निघत नाही. म्हणून कॅसेटी खालच्या खोलीतल्या कपाटात, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. स्पीकरच्या शेजारी नकोत, त्यात लोहचुंबक असतं.

कॅसेट मिळाली की लगेच लावायची नाही. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या जिभा असतात, त्या मोडून टाका, म्हणजे चुकून वरून काही भरलं जाणार नाही. खिडकीतून टेपकडे बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला काढा, नाहीतर तीच बुरशी डेकमधून, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रातून, दुसऱ्या कॅसेटींना लागेल. मधल्या तोंडाशी तांब्याच्या पट्टीवर एक नमद्याचा बारका तुकडा असतो. तो टेपला हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. माझ्या 43 पैकी 9 कॅसेटींचा तो गळून पडला होता. स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून टेपची दोन्ही रिळं दुसऱ्या चांगल्या खोक्यात घालता येतात. सैल टेप पेन्सिलीनं ताणून घ्या, मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळा. सी-90 ला, म्हणजे 90 मिनिटांच्या कॅसेटीला, जास्त जपा. तिची टेप सी-60 पेक्षा पातळ असते, पटकन ताणते.

डेक जुनाच, पण नीट चालणारा घ्या. हेड आणि लोखंडी दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. काडी काळी-तपकिरी निघते, ती स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. रबरी चाकाला मात्र अल्कोहोल लावू नका, रबर सुकतं. त्याला साबणाचं कोमट पाणी पुरतं. आमच्या गल्लीत यंत्रमागांच्या सुताची धूळ सतत उडते, त्यामुळे मी दर दोन कॅसेटींनंतर पुसतो. पहिल्यांदा एखादी नको असलेली कॅसेट लावून डेक टेप खात नाही ना, एवढं बघून घ्या.

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. प्रत्येक रेकॉर्डरचं हेड थोडं वेगळ्या कलानं बसवलेलं असतं. वडिलांच्या टू-इन-वनवर भरलेली कॅसेट माझ्या डेकवर लावली की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा यायचा. हेडच्या एका बाजूला छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू असताना तो अगदी हळू, पाव फेराच्या आत फिरवायचा आणि टाळ, चिपळ्या, संबळाची काडी जिथं सगळ्यात लख्ख वाजेल तिथं थांबायचं. आधीची जागा मार्करनं खूण करून ठेवा. हुलजंतीच्या कॅसेटीवर हे केलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. दिवाळीत तिथं महालिंगरायाच्या यात्रेत भंडारा उधळत धनगर मंडळी ढोल वाजवतात, ओव्या गातात. इतकी वर्षं मला त्यात नुसते ढोल ऐकू येत होते. स्क्रू फिरला आणि ढोलांमागचा ओवी म्हणणारा माणूस शब्दन् शब्द समोर आला. माझ्या सगळ्या संग्रहात मला ती कॅसेट सर्वांत प्रिय आहे.

वेगाचंही बघावं लागतं. जत्रेत रेकॉर्डर बॅटरीवर चालायचा. सेल उतरत गेले की टेप हळू फिरायची आणि तीच टेप आज बरोबर वेगानं लावली की गाणं चढतं, पळतं, बुवांचा आवाज पोराचा होतो. ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलता येतो. पण अंदाजानं बदलू नका. त्याच मंडळाची, तीच बाजाची पेटी वाजवलेली दुसरी कॅसेट शोधा आणि पेटीचा स्वर जुळवा. बदललेली फाइल वेगळी ठेवा, मूळ तशीच राहू द्या.

डेकच्या लाइन-आउटमधून वायर काढा आणि यूएसबीचं साउंड कार्ड वापरा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट वायर घातली तर आवाज फाटतो आणि बहुतेक वेळा एकाच कानाचा येतो. रेकॉर्डिंगचा दर्जा 24 बिट, 48 किलोहर्ट्झ एवढा ठेवा. अख्खी सी-60 त्यात साधारण 1 जीबी होते. सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. ढोल किंवा हलगी असेल तर आधी सगळ्यात दणक्याची जागा ऐकून मग पातळी ठरवा. एक बाजू एका दमात भरा. गाणं संपल्यावर कोणीतरी म्हणतं, ‘चहा ठेव गं’, तेही राहू द्या.

हे मी ठासून सांगतो, कारण यातच माझं नुकसान झालंय. आत्याच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट होती. टेपचा सस् आवाज काढावा म्हणून मी नॉइज रिडक्शन लावलं. त्यात आधी नुसत्या खरखरीचा एक तुकडा दाखवावा लागतो, मग सॉफ्टवेअर तसला आवाज सगळीकडून उपटतं. मी गाणं सुरू होण्याआधीचे चार सेकंद दाखवले. त्या चार सेकंदांत जातं फिरायला लागलं होतं. सॉफ्टवेअरनं जात्याची घरघरच खरखर समजून पुसली. उरला तो आत्याचा आवाज, पाण्याखालून बोलल्यासारखा आणि लय हरवलेला, कारण ओवीची लय जात्याच्या फेऱ्यात असते. जागा कमी पडते म्हणून मूळ फाइल मी काढून टाकली होती. कॅसेट पुन्हा लावली तेव्हा टेप चाकात अडकून चुरगळली. दोन ओव्या कायमच्या गेल्या. तेव्हापासून मूळ फाइलीला मी हात लावत नाही. जातं, बांगड्या, कोंबडा, शेजारच्या शेडमधला मागांचा खटखटाट, सगळं तसंच ठेवतो. घरी भरलेल्या एका भजनात माग ऐकू येत नाहीत, त्यावरून तो आठवडी सुट्टीचा दिवस होता हे मला कळलं.

यानंतरचं काम सगळ्यात मोठं आहे आणि ते कॉम्प्युटरवर होत नाही. वही घ्या. कोण गातंय, कुठं, कधी, कोणत्या निमित्तानं, साथीला कोण, भाषा कोणती, हे प्रत्येक कॅसेटीसाठी लिहा. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या बाया एका ओवीत मराठी आणि दुसरीत कन्नड सहज बोलतात. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू गाणी आहेत. तिथं शेजाऱ्यांना बोलवा आणि त्यांच्याकडून शब्द लिहून घ्या, कानाला येईल तसे आपणच लिहू नका. कॅसेटीवर तारीख नसली तरी ओळखता येतं. वडिलांच्या एका कॅसेटीवर नुसतं ‘यात्रा’ लिहिलं होतं. त्यात ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ ऐकलं आणि कळलं की हा सिद्धेश्वराच्या यात्रेतला संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, म्हणजे भोगीचा दिवस, जानेवारी. वर्ष सापडलं ते मावसभावामुळे. त्यानं पहिल्यांदा नंदीध्वजाला (यात्रेत मिरवायच्या उंच काठीला) हात लावला ते त्याच वर्षी, आणि मागे ‘सोड, सोड’ ओरडणारा त्याचाच आवाज होता.

ओव्यांत तर बाईच सगळं सांगत असते. भावाचं नाव, माहेरचं गाव, पंढरीची वाट. ते शब्द उतरवून काढले की गाणारी कुठली ते समजतं. गी पॉइटव्हँ आणि हेमा राइरकर यांनी पुण्यातून हेच काम गावोगाव केलं आणि एक लाखाच्या वर ओव्या गायिकेच्या आणि गावाच्या नावासह गोळा केल्या. त्या आज ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाच्या संग्रहात ऐकता येतात. माझ्या वहीचा नमुना मी तिथूनच उचलला. फाइलीला ‘जुनं लोकगीत 1’ असं नाव कधी देऊ नका. वर्ष, गाव, प्रकार, कॅसेट क्रमांक, बाजू, एवढं तरी नावात हवं. आपलं सोलापूर शाहीर राम जोशींचं गाव. इथं गाणाऱ्याचं नाव गळावं हे मला सहन होत नाही.

घरात 78 फेऱ्यांच्या तबकड्या असतील तर त्यांचं तंत्र वेगळं. त्यांना रुंद टोकाची सुई लागते, एलपीची चालत नाही. आणि अल्कोहोल लावू नका. त्या लाखेच्या असतात, विरघळतील.

वाटायच्या आधी विचारा. गाणारी व्यक्ती असेल तर तिला, नसेल तर घरच्यांना. पारंपरिक ओवी कोणाच्या मालकीची नसते, पण तो आवाज त्या बाईचा असतो. माझ्याकडे एका मयताच्या घरचं रडगाणं आहे. ते मी कोणालाच पाठवलेलं नाही, पाठवणारही नाही. कंपनीच्या विकत घेतलेल्या कॅसेटी वेगळ्या. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतो, शिवाय कवीचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. त्या मित्रांना घरी बोलावून ऐकवा, चहा करा, पण जगभर टाकू नका.

फाइल व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तशी ती जशीच्या तशी पोचते. ऐकायला एमपी3 पुरते. जपायला वेव्ह किंवा फ्लॅक, त्यात आवाजाचा दर्जा कमी होत नाही. तीन प्रती करा. माझी एक घरी, एक कपाटातल्या ड्राइव्हवर आणि एक बार्शीला बहिणीकडे आहे. सोबत वहीच्या त्या पानाचा फोटोही नेहमी जोडा. एकावेळी एकच गाणं पाठवा. पन्नास पाठवली की कोणी एकही ऐकत नाही.

मागच्या महिन्यात आत्याच्या ओव्यांतला वाचलेला भाग मी आतेबहिणीला पाठवला. तिनं रात्री फोन केला. म्हणाली, ‘दादा, दुसरा आवाज कुणाचाय माहितीय? आईच्या जावेचा. दोघी मिळून दळायच्या, ती ओवी उचलून धरायची.’ वडिलांनी कॅसेटीवर फक्त आत्याचं नाव लिहिलं होतं. मी वही उघडली आणि 30 नंबरच्या पानावर, ब बाजूखाली, आत्याच्या नावाशेजारी तिच्या जावेचं नाव लिहिलं.