हिंजवडीला शेअर कार लावताय? या चुका टाळा

पुण्यात कोथरूड ते हिंजवडी आयटी पार्क आमची शेअर कार (गाडी आमच्यातल्याच एकाची, खर्च सगळ्यांत वाटून) दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा सुरू झालीये, त्यामुळे हे सगळं ठेचा खाऊन शिकलेलं आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त सकाळचा विचार करणं. सकाळी सव्वाआठ सगळ्यांना चालतं हो, घोळ होतो संध्याकाळी, एकाचा अमेरिकेचा कॉल, दुसरीला पाळणाघरातून पोरगं घ्यायचंय, आणि गाडीवाला बिचारा पार्किंगमध्ये बसून "निघालास का रे" टाइप करतोय. पहिल्यांदा आमचं इथेच फिस्कटलं. आता ६:२० ला गाडी निघते म्हणजे निघते, जो नाही आला त्याने बस बघायची.

दुसरं, दारोदार पिकअप करू नका. आमच्यातला एक जण रोज "लिफ्टमध्ये आहे, आलोच" म्हणायचा आणि मागे मिक्सरचा आवाज! शेवटी वनाज मेट्रो स्टेशन हा एकच पॉइंट ठेवला, गरवारे-डेक्कनवालेपण मेट्रोने तिथे येतात, पुढे चांदणी चौकातून हायवे. थांबायचं ३ मिनिटं, बास. हायवेवर कडेला थांबून कुणाला उचलायच्या भानगडीत पडू नका.

पैसे. लोक पेट्रोल भागिले बसलेली माणसं करतात, त्यात टायर, सर्व्हिसिंग कुठेच नसतं, मग गाडीवाला दोन महिन्यांत कुरकुरायला लागतो. जाऊन-येऊन ४० किमी, ट्रॅफिकमध्ये १२ चं ॲव्हरेज धरलं तर पेट्रोल साधारण ३५० चं, झिजेचे ५० धरा, चौघांत १०० रुपये डोकी. गाडीवालापण चौघांत मोजायचा, आणि त्याची सुट्टी असेल त्या दिवशी गाडी कोणाची हे आधीच ठरवायचं.

पण यातून कमाई करायला जाऊ नका. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत परमिट नसताना भाड्याने माणसं नेणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही, आरटीओने धरलं तर दंड, आणि ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सचा क्लेम अडकू शकतो तो वेगळाच. माणसं जास्त असतील तर सरळ पिवळ्या प्लेटची ट्रॅव्हलर महिन्याने लावा, फक्त ॲडव्हान्स घेऊनच, कारण दोघं वर्क फ्रॉम होमला गेले की त्यांच्या सीटचे पैसे बाकीच्यांच्या बोकांडी बसतात.

आणि हो, पुढची सीट आठवडावारी पाळीने लावा. हसू नका, आमच्याकडे त्यावरून चार दिवस अबोला होता.