वळीव पडून गेला की गच्चीवर जा

सोसायटीची गच्ची गळायला लागली की पहिला सल्ला येतो, सगळीच वॉटरप्रूफ करा. खर्चाचा आकडा ऐकूनच मीटिंग उठते. पण नेमकं दुखणं कुठं आहे ते आपल्या सांगलीचा मे महिन्यातला वळीव फुकटात दाखवतो.

१. पाऊस थांबल्यावर तासाभराने वर जा. जिथं पाणी साचून राहिलंय, तिथं उतार चुकलाय.

२. डबक्याच्या कडेनं विटेच्या तुकड्यानं रेघ ओढा, फोटो काढा. फरशी सुकली की त्याच रेघेवर ऑइलपेंट फिरवा, नाहीतर पुढच्या सरीत खूण धुऊन जाते.

३. खालच्या फ्लॅटची ओल याच खुणांखाली येते का ते पाहा. येत असेल तर गवंड्याला आधी तेवढीच जागा करायला सांगा.

४. जाळी उचलून पाईपात बादलीभर पाणी ओता. आमच्या पाईपातून गुलमोहराच्या पाकळ्या, कबुतराची पिसं आणि मांजा यांचा मुठीएवढा गोळा निघाला. निम्मं दुखणं तेच होतं.

वळीव विजा घेऊनच येतो. शेवटच्या गडगडाटानंतर किमान ३० मिनिटं कुणीही गच्चीवर पाऊल ठेवू नये, वॉचमनलाही पाठवू नका.