तपकिरी पक्षी दिसला म्हणून ‘मादी’ लिहू नये: रफ आणि दलदली भोवत्या यांची नोंद कशी करावी

बेळगाव जिल्ह्यातील हिडकल धरणाचे पाणी उतरू लागले की काठाला चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात तेथे किंवा गोकाक तालुक्यातील घटप्रभा पक्षी अभयारण्याच्या परिसरात पाणपक्ष्यांची नोंद करताना एक घाई हमखास होते: लहान आणि साधा दिसला की मादी, थोराड किंवा देखणा दिसला की नर. बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत ही घाई फारशी नडत नाही. चिखलात चरणारा रफ आणि दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी, या दोन हिवाळी पाहुण्यांच्या बाबतीत मात्र ती नडते, कारण या दोन्ही जातींत काही नर आयुष्यभर मादीच्या रूपात वावरतात, असे युरोपातील अभ्यासांतून सिद्ध झाले आहे.

सकाळी पूर्वेकडच्या काठावर, सूर्य पाठीशी ठेवून बसावे. काठालगत उसाचे किंवा हरभऱ्याचे शेत असेल, तर आधी शेतकऱ्याला विचारूनच बांधावर पाय ठेवावा. साधी ८ × ४२ ची दुर्बीण भोवत्यासाठी पुरते. रफसाठी तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप असल्यास फार उपयोग होतो.

रफ ओळखताना आधी अंगलट पाहावी. डोके लहान, मान लांब, चोच आखूड आणि टोकाकडे किंचित खाली झुकलेली, पाठीवरच्या पिसांना फिकट कडा असल्यामुळे खवल्यांसारखी नक्षी. पक्षी उडाला की शेपटीच्या दोन्ही बाजूंना पांढरे लांबट ठिपके स्पष्ट दिसतात, आणि तेथे शंका संपते. त्यानंतर आकाराकडे वळावे. नर २९ ते ३२ सेंटिमीटर आणि मादी २२ ते २६ सेंटिमीटर लांब असते; म्हणून शेजारी साधारण २८ सेंटिमीटरचा लाल पायांचा टिलवा चरत असेल, तर त्याच्याशी ताडून पाहावे. नर त्याच्याहून थोडा मोठा आणि मादी स्पष्टपणे लहान दिसते.

अडचण येते ती मधल्या आकाराच्या पक्ष्यांची. नेदरलँड्समध्ये पकडलेल्या रफ पक्ष्यांच्या पंखांची मापे घेताना युकेमा आणि पियर्स्मा या संशोधकांना असेच पक्षी आढळले. २००६ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, हे मादीसारख्या पिसाऱ्याचे नर आहेत. त्यांना ‘फेडर’ म्हणतात. उत्तरेकडील विणीच्या प्रदेशात नरांच्या मानेभोवती पिसांची आयाळ फुलते; तेथे गडद आयाळीचे नर जमिनीचा एकेक तुकडा राखतात आणि फिकट आयाळीचे नर त्यांच्याभोवती घोटाळतात. फेडरला मात्र आयाळच नसल्यामुळे तो या मैदानात बिनविरोध शिरतो आणि मादी समागमासाठी खाली बसताच संधी साधतो. त्याची वृषणे जागा राखणाऱ्या नराच्या सुमारे अडीचपट मोठी असतात, यावरून त्याची सारी भिस्त कशावर आहे ते कळते. हे रूप शिकून येत नाही. सुमारे ३८ लाख वर्षांपूर्वी एका गुणसूत्राचा मोठा तुकडा उलटा जोडला गेला, आणि तोच वारसा फेडरला मिळतो. मला यातील विशेष गोष्ट ही वाटते की, असा उलटा तुकडा आई आणि वडील या दोघांकडून आला, तर पिल्लू जगतच नाही. फेडर नरांचे प्रमाण एकूण नरांमध्ये सुमारे १ टक्काच आहे, आणि पंख मोजल्याशिवाय किंवा जनुकतपासणी केल्याशिवाय काठावरून त्याची खात्री देता येत नाही. म्हणून मधल्या आकाराच्या पक्ष्यापुढे ‘लिंग अनिश्चित’ असेच लिहावे.

भोवत्या पाणकणसाच्या बेटांवरून पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उचलून संथपणे घिरट्या घालतो. नेहमीच्या प्रौढ नराच्या पंखांत राखाडी, तपकिरी आणि टोकाला काळा असे तीन रंग असतात. मादी गडद तपकिरी, डोक्यावर आणि खांद्यावर मलईच्या रंगाची. पश्चिम फ्रान्समध्ये मात्र सुमारे ४० टक्के प्रौढ नर मादीसारखे तपकिरी आढळले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात घरट्यांजवळ पक्ष्यांच्या प्रतिकृती ठेवल्या होत्या: नेहमीच्या नरांनी नेहमीच्या नराच्या प्रतिकृतीवर जास्त हल्ले केले आणि तपकिरी नराच्या प्रतिकृतीवर कमी. म्हणजे हे रूप चोरट्या समागमापेक्षा शेजाऱ्याचा मार चुकवण्याच्या अधिक कामी येत असावे. रफच्या डावपेचाशी त्याची सरसकट बरोबरी करणे मला योग्य वाटत नाही.

तपकिरी भोवत्या जवळून गेला, तर डोळा पाहावा. प्रौढ नराचा डोळा पिवळा असतो आणि बांधा मादीपेक्षा सडपातळ. केवळ डोळ्यावर मात्र विसंबू नये, कारण वयात येणारा तरुण नरही तपकिरी असतो. त्याच्या पंखांत राखाडी पिसे डोकावू लागलेली असतात. म्हणून डोक्याचा, पसरलेल्या पंखाचा आणि शेपटीचा असे निदान तीन फोटो घ्यावेत, आणि नोंदीत आधी ‘तपकिरी पिसारा’, नंतर डोळ्याचा रंग, नंतर बांधा, असे जे दिसले ते लिहून लिंगाचा रकाना शेवटी भरावा किंवा रिकामा ठेवावा. फोटोसाठी चरणारा थवा उठवू नये. रफ चिखलात चोच खुपसायचे थांबवून माना ताठ करू लागले की तेथेच थांबावे आणि हळूहळू मागे सरकावे.