गावठी मांजराचे पिल्लू पाळताना या चुका टाळा

कोकणात मांजराचे पिल्लू सहसा विकत घ्यावे लागत नाही. माळ्यावर किंवा लाकडांच्या खोपीत व्यालेल्या मांजरीची पिल्ले शेजारीच आपण होऊन देऊ करतात. फुकट आलेल्या या जिवाची किंमतही मग शून्य धरली जाते आणि पुढच्या बहुतेक चुका याच हिशेबातून होतात.

गावठी पिल्लू नाकारून पर्शियन जातीच्या मांजरासाठी हजारो रुपये मोजणाऱ्यांनी आधी आपल्या हवेचा विचार करावा. लांब, दाट केस रोज विंचरले नाहीत तर त्यांच्या गुठळ्या होतात आणि दमट हवेत त्वचेला बुरशी लागते. चपट्या नाकामुळे उन्हाळ्यात श्वासाचा त्रास होतो, शिवाय या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक विकार आढळतो. गावठी मांजराची पैदास कोणी ठरावीक रूपासाठी केलेली नसते, त्यामुळे असे दोष त्याच्यात कमी दिसतात. ‘पर्शियन मिक्स’ म्हणून पैसे मागणाऱ्यांपासूनही सावध राहावे, कारण आखूड केसांचा गुण प्रबळ असल्याने पहिल्या संकराची पिल्ले बहुधा आखूड केसांचीच होतात.

मात्र ‘गावठी आहे, त्याला काही होत नाही’ हा समजही तितकाच घातक आहे. पॅनल्यूकोपेनिया हा आतड्यांचा विषाणूजन्य आजार लस न दिलेली पिल्ले काही दिवसांत मारतो. सहा ते आठ आठवड्यांपासून त्याची लस सुरू करून पुढील मात्रा पशुवैद्यकांनी सांगितलेल्या अंतराने द्याव्यात. रेबीजची लस साधारण बाराव्या आठवड्यापासून देता येते. जंतांचे औषध वजन करूनच द्यावे.

पिल्लू सतत हात चावत असेल, तर अनेकदा ते आईपासून फार लवकर तोडलेले असते. किमान आठ आठवडे त्याला आईजवळ राहू द्यावे. जुलाब होत असतील तर गाईचे दूध आधी बंद करावे. ताटातला उरलेला सारभात हा मांजराचा आहार नव्हे, कारण त्याला लागणारे टॉरिन हे पोषकद्रव्य मांस-मासळीतूनच मिळते आणि ते कमी पडल्यास दृष्टी व हृदय बिघडते. मासळी उकडून, काटे काढून आणि मीठ न घालता द्यावी, पण तिच्यावरच सगळी भिस्त ठेवू नये; सुके खारे बांगडे तर देऊच नयेत.

सर्वांत मोठी चूक नसबंदी टाळण्याची. मादी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. ‘एकदा तरी होऊ द्यावीत’ या आग्रहाला वैद्यकीय आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया केल्यास स्तनांच्या गाठींचा धोका बराच घटतो. बोका घरात मूत्र फवारत असेल किंवा मारामाऱ्या करून जखमी होऊन येत असेल, तर त्यावरही बहुतेक वेळा हाच उपाय लागू पडतो. शस्त्रक्रिया टाळणाऱ्या घरांतील पिल्ले शेवटी ‘तिथे मासळी मिळते’ असे म्हणत बंदरावर सोडली जातात. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि भर पावसात तिथे खायला फारसे काही नसते, एवढा साधा विचारही त्यामागे दिसत नाही. पाळीव प्राण्याला असे उपाशी मरायला सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

ताप आला म्हणून माणसांचे पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये; एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त गोचीडनाशकही तितकेच विषारी आहे. ते चुकून अंगावर पडल्यास कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावे, मांजराला अंग चाटू देऊ नये आणि औषधाचे वेष्टन बरोबर घेऊन लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.