आईवडील वेगळे झाल्यावर मुलाचा ताबा कसा ठरवून घ्यावा: सीमाभागातल्या पालकांसाठी

सासर बेळगावात आणि माहेर गडहिंग्लजला, नाहीतर सासर चंदगडला आणि माहेर खानापूरला, अशी लग्नं आपल्याकडे घरोघरी आहेत. संसार मोडला की लेकरू एका राज्यात आणि आई किंवा बाप दुसऱ्या राज्यात राहतो. अशा वेळी काय करावं, ते क्रमानं सांगतो.

आधी ताबा आणि पालकत्व यांतला फरक समजून घ्या. मूल रोज कोणाकडे राहणार, हा ताब्याचा प्रश्न. त्याच्या वतीनं कायदेशीर निर्णय घेणं, त्याची मालमत्ता सांभाळणं हे पालकत्व. ताबा आईला मिळाला म्हणून वडिलांचं पालकत्व संपत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 प्रमाणे 5 वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं. 5 वर्षं पूर्ण झाली की ते आपोआप बापाकडे जातं, असं गावात अजूनही ठासून सांगितलं जातं. ते चूक आहे. कोणत्याही वयात मुलाचं हित कशात आहे, हेच कोर्ट पाहतं.

मग अर्ज कुठं करायचा ते ठरवा. पालक व पाल्य अधिनियम, 1890 सगळ्या धर्मांच्या पालकांना खुला आहे आणि त्यासाठी घटस्फोटाचा दावा चालू असण्याची गरज नाही. मूल नेहमी जिथं राहतं, तिथल्या कोर्टात अर्ज होतो. बेळगावात कौटुंबिक न्यायालय आहे. भांडणानंतर मूल रातोरात पलीकडे नेलं म्हणून कोर्ट बदलेलच, असं नाही. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा: कर्नाटकातला दावा महाराष्ट्रात हलवायचा असेल, तर कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ किंवा मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच ते करू शकत नाही, त्यासाठी सर्वोच्च न्यायालयातच जावं लागतं. म्हणून पहिलाच अर्ज योग्य जागी करा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, तिथं मोफत वकील मागता येतो. फोन क्रमांक 15100. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर सही करण्याआधी तो ओळीओळीनं मराठीत समजावून मागा. यात संकोच करू नका. सोबत जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, लसीकरणाचं कार्ड आणि फीच्या पावत्या ठेवा.

पंचांसमोर स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेला करार कोर्टावर बंधनकारक नसतो. समझोता झालाच असेल, तर तो कोर्टापुढं मांडून हुकूम करून घ्या.

खरी मेहनत भेटीचं वेळापत्रक लिहिण्यात घ्या. बहुतेक भांडणं इथंच पुन्हा पेटतात. ‘वडिलांनी सोयीनुसार भेटावं’ एवढंच लिहिलं, की सोय कोणाची यावरून तंटा सुरू होतो. त्यापेक्षा असं लिहा: ‘दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी शाळा सुटल्यावर वडील मुलाला नेतील, रविवारी संध्याकाळी 6 वाजता निपाणीच्या बसस्थानकावर आईकडे सोपवतील, बुधवारी रात्री 8 वाजता व्हिडिओ कॉल.’ सुट्ट्यांचं तर फारच जपून लिहावं लागतं. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते, महाराष्ट्रात ती दिवाळीला मिळते. ‘दिवाळीची सुट्टी निम्मी निम्मी’ असं लिहिलं आणि मूल बेळगावच्या शाळेत असलं, तर वाटायला हातात काही राहत नाही. उन्हाळ्यातही कर्नाटकातल्या शाळा लवकर उघडतात. म्हणून मुलाच्या शाळेचं वेळापत्रक समोर ठेवा, आणि गणपतीत मूल कोणत्या वर्षी कुठं असेल तेही लिहा. शाळेचा दाखला काढायचा झाल्यास दुसऱ्याची लेखी संमती हवी, ही अटही घाला.

निकालाला वेळ लागतो, म्हणून मूळ अर्जासोबतच भेटीच्या तात्पुरत्या हुकमासाठी अर्ज द्या. कित्येक पालक हे मागतच नाहीत आणि तारखांमागून तारखा मूल दिसत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान यातच होतं.

पोटगी आणि भेट या दोन गोष्टी कधीच एकमेकींत अडकवू नका. भेटू दिलं नाही म्हणून पैसे थांबवायचे नाहीत, पैसे आले नाहीत म्हणून मूल लपवायचं नाही. दोन्हींसाठी कोर्टात वेगळी दाद मागता येते.

मूल समजतं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी बोलू शकतात. त्याला फक्त मराठी येत असेल, तर ते आधीच कोर्टाला सांगून दुभाषी मागा. काय बोलायचं हे मात्र त्याला पढवू नका. पढवलेलं पोर दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतं आणि आईबापांपैकी एकाला दुखावल्याचं ओझं घेऊन घरी येतं.

ताब्याचा हुकूम कायमचा नसतो. नोकरी दुसऱ्या गावी गेली, मुलाची शाळा बदलली किंवा त्याची तब्येत बिघडली, तर बदलासाठी पुन्हा अर्ज करता येतो. नवा हुकूम होईपर्यंत जुना पाळावाच लागतो.